हिवतापनियंत्रणातील लोकसहभाग : मूल्यमापन कोणी आणि कशाचे करावयाचे?

(पक्षाच्या कार्यकर्ता अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या अभ्यासवर्गात मी हिवतापावर बोलणार आहे हे कळल्यावर आपल्यापैकी काहींना आश्चर्य वाटले असेल. मी डॉक्टर नाही. जन्मभर अर्थशास्त्र शिकविले, आणि अर्थशास्त्राच्या माणसाने डासांच्या भानगडीत का पडावे, असा प्रश्न कोणी विचारला तर तो अगदीच गैरलागू नव्हे. परंतु पूर्व विदर्भातील आपल्या काही तरुण कार्यकर्त्यांनी मला एक प्रश्न विचारला आणि तो मला टाळता आला नाही. त्यांनी विचारले, गावाला बरोबर घेऊन चालविलेली हिवतापनियंत्रणाची योजना यशस्वी झाली की फसली, हे ठरवावयाचे कसे? प्रश्न साधा दिसतो. परंतु पुढील वर्षी पैसा कोणत्या गावाकडे जाईल, कोणत्या सेविकेला शाबासकी मिळेल आणि कोणती बोलणी खाईल, हे त्याच्या उत्तरावर अवलंबून असते. मूल्यमापन हे तज्ज्ञांचे तांत्रिक काम आहे असे समजून आपण आजवर त्याकडे दुर्लक्ष केले. ते दुर्लक्ष गरिबांना महागात पडले आहे, हे मला आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. १९४७ साली, तेहतीस कोटींच्या आसपास लोकसंख्या असताना, या देशात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप होतो आणि आठ लाख माणसे त्याने दगावतात, असा अंदाज होता. १९५३ साली डीडीटीच्या फवारणीवर आधारलेला राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. पाच वर्षांत त्याला इतके यश आले की १९५८ साली ‘नियंत्रण’ हा शब्द जाऊन त्याच्या जागी ‘निर्मूलन’ हा शब्द आला. १९६१ साली देशातील नोंदलेल्या रुग्णांची संख्या पन्नास हजारांच्या आसपास उतरली होती. आणि मग काय झाले? १९७६ साली तीच संख्या चौसष्ट लाखांच्या वर गेली. डासांमध्ये कीटकनाशकाला दाद न देण्याची शक्ती आली, डीडीटीचा पुरवठा वेळेवर होईना, शहरांतील हिवतापाकडे लक्ष दिले गेले नव्हते, ही कारणे सर्व अहवालांत सापडतात आणि ती खरी आहेत. परंतु त्यांच्याबरोबर आणखी एक कारण होते. रुग्ण कमी झाले म्हणून पाळत सैल झाली. दर पंधरवड्याला घरोघर जाऊन ताप विचारणारी यंत्रणा अनेक जिल्ह्यांत सर्वसाधारण आरोग्यसेवेकडे सोपविण्यात आली, आणि ती सेवा खेड्यात पुरेशी उभीच राहिलेली नव्हती.

आपल्या शेजारच्या श्रीलंकेत हीच गोष्ट अधिक स्पष्टपणे घडली. १९६३ साली त्या देशात हिवतापाचे केवळ १७ रुग्ण आढळले. आता काम संपले असे समजून फवारणी थांबविण्यात आली, आणि १९६८-६९ च्या साथीत पाच लाखांहून अधिक लोक आजारी पडले. पुढे त्याच देशाने हा धडा गिरविला, रुग्ण कमी होत असतानाही कीटकशास्त्रज्ञ आणि फिरती पथके मोडली नाहीत, आणि २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने श्रीलंकेला हिवतापमुक्त म्हणून प्रमाणपत्र दिले. अर्थशास्त्राच्या दृष्टीने यातील अर्थ असा की, ‘एक रुग्ण शोधण्यास किती खर्च आला’ हा एकच निकष लावला तर यशस्वी कार्यक्रम नेहमीच उधळा ठरतो. रुग्ण जितके कमी, तितका दर रुग्णामागे खर्च अधिक. अर्थखात्यातील अधिकाऱ्याने हा भागाकार केला की पुढील वर्षाची तरतूद कापली जाते, आणि दोन-तीन पावसाळ्यांनंतर ताप परत येतो.

लोकसहभागाची दोन रूपे

१९७७ साली हिवतापाविरुद्धच्या कामाची नवी सुधारित योजना आली. तिच्यात गावोगाव औषधवाटप केंद्रे आणि ताप उपचार केंद्रे उघडण्याची कल्पना होती. शिक्षक, ग्रामपंचायतीचे सदस्य किंवा गावातील कोणी जाणती व्यक्ती यांच्याकडे क्लोरोक्विनच्या गोळ्या ठेवावयाच्या, ताप आलेल्याने तेथून त्या घ्यावयाच्या, आणि त्या व्यक्तीला त्याबद्दल काही मोबदला नाही. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला जनता सरकारने ग्रामीण आरोग्यसेवकांची योजना सुरू केली. आरोग्यमंत्री राजनारायण होते, म्हणजे आपल्याच परंपरेतील मनुष्य. लोकांचे आरोग्य लोकांच्या हाती द्यावयाचे, हा त्या योजनेचा उद्घोष होता. मी त्या वेळी महाविद्यालयात शिकत होतो, आणि त्या घोषणेने आम्ही भारावून गेलो होतो हे कबूल करावयास मला संकोच वाटत नाही.

परंतु त्या सेवकाला दरमहा मानधन किती होते? पन्नास रुपये. त्याची निवड गावाने करावयाची होती, पण पुष्कळ ठिकाणी ती सरपंचाच्या ओसरीवर झाली. निवडलेल्यांत पुरुषांचाच भरणा अधिक होता. पुढे त्याचे नाव दोनदा बदलण्यात आले, प्रथम ‘सेवक’ जाऊन ‘स्वयंसेवक’ झाले आणि १९८१ मध्ये ‘ग्राम आरोग्य मार्गदर्शक’ झाले. नाव बदलण्यामागे सोय होती. सेवक म्हटले की नोकरीचा हक्क येतो, स्वयंसेवक म्हटले की तो येत नाही. हीच सोय आज ‘आशा’ या नावात आहे. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले तेव्हा आशा ही मानसेवी कार्यकर्ती ठरविण्यात आली आणि तिला कामागणिक मोबदला देण्याची पद्धत सुरू झाली. तापाच्या रुग्णाचे रक्त तपासण्याबद्दल तिला अनेक वर्षे प्रत्येक तपासणीमागे पंधरा रुपये मिळत असत.

लोकसहभागाची ही दोन रूपे आपण नीट ओळखली पाहिजेत. एकात गाव निर्णय घेते, साधने मागते, हिशेब विचारते. दुसऱ्यात गाव फक्त राबते, आणि ते राबणे सरकारी खर्चाच्या रकान्यात दिसत नाही म्हणून योजना स्वस्त दिसते. दोघांनाही सरकारी कागदावर एकच नाव आहे.

एक चूक, आणि ती माझी

आता मी माझीच एक चूक सांगतो. सुमारे वीस वर्षांपूर्वी, नोकरीत असताना, विद्यार्थ्यांना घेऊन मी काही गावांची पाहणी केली होती. आम्ही गावांची क्रमवारी लावली, आणि त्यासाठी सरकारी कागदांत सर्वत्र वापरला जाणारा आकडा घेतला. त्याला वार्षिक परजीवी निर्देशांक म्हणतात. एका वर्षात दर हजार लोकसंख्येमागे रक्ततपासणीत सिद्ध झालेले रुग्ण किती, एवढाच त्याचा अर्थ. हा आकडा ज्या गावाचा सर्वांत अधिक होता त्याला आम्ही शेवटची पायरी दिली आणि शेजारी ‘असमाधानकारक’ असा शेरा मारला. ते गाव रस्त्यापासून आत होते. तेथील कार्यकर्ती ताप आलेल्या प्रत्येकाचे रक्त घेत असे, शेतावरच्या खोपटीत जाऊनसुद्धा घेत असे. आमचा अहवाल वरच्या कचेरीतून खाली आला तेव्हा तिला त्याबद्दल ऐकून घ्यावे लागले. पुढे एकदा मी त्या गावी गेलो असता तिने मला विचारले, “सर, मी ताप शोधून काढला, म्हणून माझं गाव खराब झालं काय?” माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्यानंतरच्या वर्षी त्या गावातून रक्तनमुने फारच थोडे गेले आणि गावाचा आकडा सुधारला.

साथींनो, हे गणित फळ्यावर मांडण्याइतके सोपे आहे. समजा, प्रत्येकी एक हजार वस्तीची दोन गावे आहेत. पहिल्या गावात वर्षभरात २०० जणांचे रक्त तपासले गेले आणि २० जणांना हिवताप निघाला. दुसऱ्या गावात फक्त ३० जणांचे रक्त तपासले आणि ६ जणांना हिवताप निघाला. पहिल्या गावाचा निर्देशांक वीस, दुसऱ्याचा सहा. कागदावर दुसरे गाव तिप्पट चांगले ठरते. परंतु पहिल्या गावात तपासलेल्या शंभरांत दहा दूषित निघाले, तर दुसऱ्यात शंभरांत वीस. म्हणजे दुसऱ्या गावात रोग कमी नाही, पाहणारे डोळे कमी आहेत. म्हणून किती रक्त तपासले आणि त्यात किती दूषित निघाले, हे दोन आकडे शेजारी ठेवल्याखेरीज निर्देशांकाचा उच्चारही करू नये. सरकारी नियमावलीत हे तिन्ही आकडे आहेत. वृत्तपत्रांत व विधिमंडळाच्या उत्तरांत बहुधा एकच येतो.

इतरत्र काय घडले?

गावाच्या हाती औषध दिल्याने मृत्यू खरोखर कमी होतात काय? या प्रश्नाची दोन उत्तरे आफ्रिकेतून आली, आणि ती परस्परविरोधी आहेत म्हणूनच उद्बोधक आहेत.

पश्चिम केनियात सराडिडी नावाचा भाग आहे. तेथे १९८० नंतरच्या वर्षांत गावकऱ्यांनी स्वतः पुढाकार घेऊन आरोग्यकार्य उभे केले, आणि गावातील स्वयंसेवक तापाच्या रुग्णांना क्लोरोक्विन देऊ लागले. लोकांनी ही सेवा मनापासून स्वीकारली. तथापि संशोधकांनी मृत्यूचे प्रमाण तपासले तेव्हा त्यात मोजता येईल असा फरक आढळला नाही. याच्या उलट इथिओपियातील तिग्राय प्रांतात १९९६-९७ साली एक प्रयोग झाला. तेथे गावोगावच्या मातांमधून काही जणींना समन्वयक नेमले गेले, त्यांनी शेजारच्या मातांना मुलांचा ताप ओळखावयास आणि घरीच ताबडतोब योग्य मात्रेत क्लोरोक्विन द्यावयास शिकविले. जेथे हे झाले तेथे पाच वर्षांखालील मुलांचे मृत्यू हजारी सुमारे तीस, आणि जेथे झाले नाही तेथे हजारी सुमारे पन्नास. चाळीस टक्के घट ही थोडी नव्हे.

एकाच गोळीने दोन ठिकाणी दोन परिणाम का दाखविले? सराडिडीच्या परिसरात डासांचा दंश बारमाही आणि संसर्ग अतिशय तीव्र, त्यामुळे बरे झालेले मूल पुन्हा लगेच दूषित होते. तिग्रायमध्ये हिवताप हंगामी आहे, आणि खेडी दवाखान्यापासून इतकी दूर की आईच्या हातची गोळी हाच मुलाचा एकमेव दवाखाना होता. शिवाय तेथील खेड्यांना दीर्घ लढ्याच्या काळात स्वतःच्या निवडलेल्या ग्रामसमित्यांमार्फत कारभार करण्याची सवय लागलेली होती. यावरून दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली अशी की, किती गोळ्या वाटल्या हा कामाचा हिशेब आहे, परिणामाचा नव्हे. दुसरी अशी की, लोकांचा उत्साह हा औषधाला, त्याच्या पुरवठ्याला आणि त्या ठिकाणच्या रोगाच्या स्वरूपाला पर्याय होऊ शकत नाही. क्लोरोक्विनचेच पाहा. मेंदूपर्यंत जाणाऱ्या, मारक अशा फाल्सिपेरम हिवतापावर ते पुढे निकामी ठरले, आणि आपल्या देशातही त्यासाठी आर्टेमिसिनिनयुक्त औषधे आणावी लागली. या काळात ज्या गावातील सेविकेजवळ जुनीच गोळी राहिली, तेथे तिची निष्ठा कोणाच्या उपयोगी पडली असेल?

आता आपल्या देशाकडे येऊ. ओडिशाने २०१७ साली दुर्गम भागासाठी एक मोहीम हाती घेतली. तिला ‘दमन’ या आद्याक्षरी नावाने ओळखतात. वर्षातून दोनदा पथक गावात जाते, ताप असो वा नसो प्रत्येक माणसाचे रक्त तपासते आणि दूषित निघालेल्यास तेथेच औषध देते. जंगलपट्टीत पुष्कळ माणसे अंगात परजीवी बाळगूनही तापाने फणफणत नाहीत, आणि त्यांच्यापासून डास रोग नेतात, हे त्यामागचे शास्त्र आहे. राज्यातील रुग्णसंख्या २०१६ मधील सुमारे चार लाख चव्वेचाळीस हजारांवरून २०१८ मध्ये सुमारे सहासष्ट हजारांवर आली. हे यश नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्याच सुमारास त्या राज्यात एक कोटीहून अधिक कीटकनाशकयुक्त मच्छरदाण्या वाटल्या गेल्या, फवारणीही चालू होती. कोणत्या उपायाला किती श्रेय, हे एकूण आकड्यावरून सांगता येत नाही. आणि २०२३ मध्ये तेथील संख्या पुन्हा चढली, मागील वर्षीच्या सुमारे चोवीस हजारांवरून बेचाळीस हजारांच्या घरात गेली. म्हणजे एका उताराच्या जोरावर विजयोत्सव करणे येथेही घाईचे ठरले.

गुजरातमधील खेडा जिल्ह्यात १९८३ पासून राष्ट्रीय हिवताप संशोधन केंद्राने वेगळा मार्ग धरला. फवारणीऐवजी डबकी बुजविणे, पाण्याचा निचरा करणे, विहिरी व हौदांत गप्पी मासे सोडणे, अशी कामे नडियाद तालुक्यातील गावांत लोकांच्या साहाय्याने करण्यात आली. डासांना तेथेच अटकाव करता येतो हे त्यातून दिसले. परंतु या प्रयोगात आपल्यासाठी आणखी एक प्रश्न दडलेला आहे. खेडा हा कालव्याचा जिल्हा. कालव्याच्या पाझराने साठलेले पाणी डासांचे घर होते. कालव्याचा लाभ ज्याच्याजवळ जमीन आहे त्याला, आणि डबके बुजविण्याचे श्रमदान मात्र सर्वांकडून. वर्गभेद असलेल्या गावात ‘सर्व गावाचा सहभाग’ म्हणजे बहुधा भूमिहीनाचा सहभाग, हे पाहणी करणाऱ्याने आपल्या प्रश्नावलीत लिहिले पाहिजे.

छत्तीसगढमधील बिलासपूर जिल्ह्यात गनियारी येथील जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेने लहानसे पण मार्मिक काम केले. खेड्यातील आरोग्य कार्यकर्ती रक्तनमुन्याची काचपट्टी तयार करी, आणि ती बसचालकाच्या किंवा शाळकरी मुलांच्या हाती प्रयोगशाळेकडे रवाना होई. निकाल त्याच वाटेने परत येई. आठवडे लागत असत ते काम अशा रीतीने फार थोड्या वेळात होऊ लागले. या कार्यकर्त्यांनी जो प्रश्न सोडविला तो वेळेचा होता. फाल्सिपेरमचा रुग्ण, विशेषतः लहान मूल किंवा गरोदर स्त्री, दोन-तीन दिवसांत हाताबाहेर जाऊ शकते. म्हणून ताप चढल्यापासून पहिली योग्य मात्रा पोटात जाईपर्यंत किती तास गेले, यासारखा दुसरा प्रामाणिक निकष मला दिसत नाही. चीनने अखेरच्या टप्प्यात असेच वेळेचे मोजमाप ठेवले होते. एका दिवसात रुग्णाची नोंद, तीन दिवसांत चौकशी, सात दिवसांत त्या वस्तीतील उपाययोजना. २०२१ साली तो देश हिवतापमुक्त म्हणून जाहीर झाला.

गावाचा हिशेब

गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात फिरताना एक गोष्ट वारंवार ऐकू येते, ती म्हणजे ‘लोक सहकार्य करीत नाहीत’. फवारलेली भिंत आठ दिवसांत सारवून टाकतात, मच्छरदाणी पेटीत ठेवतात, गोळ्या अर्ध्यावर सोडतात. ही वर्णने खोटी नाहीत. परंतु त्यांची कारणे विचारा. फवारणी सणाच्या तोंडावर आली तर घर सारविल्याशिवाय कोण राहील? फवारणीची तारीख ग्रामसभेला विचारून ठरली असती तर हा प्रश्नच आला नसता. तेंदूपत्त्याच्या दिवसांत माणसे पहाटे अंधारात रानात असतात, धान राखावयास शेतावर खोपटीत निजतात, मिरचीच्या तोडणीला कुटुंबेच्या कुटुंबे तेलंगणात जातात. मच्छरदाणी घरासाठी मोजली गेली आणि माणूस घरात नाही. व्हायव्हॅक्स जातीच्या हिवतापात यकृतात लपलेला परजीवी मारण्यासाठी चौदा दिवस गोळ्या घ्याव्या लागतात. ताप तिसऱ्या दिवशी उतरतो, आणि रोवणीचे दिवस असतील तर चौथ्या दिवशी मजूर चिखलात उभा असतो. त्याला अडाणी म्हणणे सोपे आहे. त्याच्या जागी आपण असतो तर वेगळे वागलो असतो काय?

येथे खर्चाचा प्रश्न पुन्हा येतो. सरकारी हिशेबात फवारणीचे औषध, गाडीचे तेल, पगार, तपासणी-संच इतके खर्च येतात. रोवणीतील बुडालेली मजुरी, आजाऱ्याला प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत नेणाऱ्याचा बुडालेला दिवस, आशेची रात्रीबेरात्रीची पायपीट, यांतील काहीही त्यात येत नाही. मग दोन योजनांची तुलना होते. एकीत पूर्ण वेतनाचा कर्मचारी आहे, दुसरीत गावातील बाई जवळजवळ फुकट राबते. दुसरी ‘किफायतशीर’ ठरते. हा किफायतशीरपणा म्हणजे खर्च एका खिशातून काढून दुसऱ्या, अधिक फाटक्या खिशावर टाकणे होय. महाराष्ट्रातील आशा २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये संपावर गेल्या तेव्हा ‘समाजसेवेत संप कसला?’ असे विचारणारे सुशिक्षित मला भेटले. त्या सेविकेच्या श्रमाची किंमत आपल्या मूल्यमापनात शून्य धरलेली आहे, म्हणून असा प्रश्न सुचतो.

आपल्या पक्षालाही थोडे बोलले पाहिजे. ‘लोकसहभाग’ हा शब्द आपला लाडका आहे. कोठेही तो छापलेला दिसला की आपण टाळ्या वाजवितो. उलट बाजूने, सरकारने काहीही केले तरी ते फसलेच असे ठरवून टाकण्याची सवयही आपल्याला आहे. देशात २०१५ साली नोंदलेले हिवतापाचे रुग्ण अकरा लाखांहून अधिक होते आणि २०२३ साली ते सव्वादोन लाखांच्या आसपास होते. ही घट नुसती कागदी आहे असे पुराव्याशिवाय म्हणणे म्हणजे त्या आशांच्या आणि फवारणी करणाऱ्या हंगामी मजुरांच्या कष्टांचा अपमान आहे. तपासणी-संच, मच्छरदाण्या आणि नवे औषध खेड्यात पोहोचल्याने खरा फरक पडलेला आहे. आता धोका आहे तो १९६१ नंतर झालेल्या चुकीचा. २०३० पर्यंत देश हिवतापमुक्त करण्याचे ध्येय सरकारने जाहीर केलेले आहे. ध्येयाची तारीख जवळ आली की आकडा कमी दाखविण्याचा मोह खालपासून वरपर्यंत वाढतो, आणि कमी दाखविण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे कमी शोधणे.

आपण काय करावयाचे?

म्हणून माझी सूचना अशी की, ज्या ज्या गावांत आपले कार्यकर्ते आहेत तेथे त्यांनी पाच प्रश्न घेऊन जावे आणि त्यांची उत्तरे वहीत लिहून ठेवावीत. पहिला, ताप आल्यापासून रक्ततपासणी आणि पहिली मात्रा यांना किती वेळ लागला? दुसरा, वर्षातील किती दिवस सेविकेजवळ तपासणी-संच किंवा औषध नव्हते? तिसरा, गावाबाहेरचे टोले, शेतावरच्या खोपट्या, स्थलांतराहून परतलेली कुटुंबे आणि गरोदर स्त्रिया यांच्यापैकी कोण वगळले गेले? चौथा, सेविकेला व फवारणी मजुरांना ठरलेले पैसे किती महिन्यांनी मिळाले? आणि पाचवा, गावाचे आकडे गावाला कोणी, केव्हा वाचून दाखविले? या प्रश्नांना संगणक लागत नाही, परदेशी सल्लागार लागत नाही. चौथी शिकलेली व्यक्तीही ही वही ठेवू शकेल.

हे अशक्य आहे असे कोणी म्हणेल तर आपल्याच राज्याकडे बोट दाखवा. २००७ पासून नंदुरबार, अमरावती आदी पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवेवर लोकाधारित देखरेखीचे काम सुरू झाले. गावकऱ्यांनी आपल्या उपकेंद्राला गुण दिले, जनसुनवाईत अधिकाऱ्यांना समोर बसवून प्रश्न विचारले. रोजगार हमीच्या क्षेत्रात सामाजिक अंकेक्षणाची कल्पना २००५ च्या केंद्रीय कायद्याने मान्य केली होती. आदिवासी क्षेत्रांत १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला स्वतःचे स्थान आहे. तेव्हा हिवतापाचे आकडे पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा ग्रामसभेत, तेथील भाषेत, म्हणजे गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्या गावात त्याच भाषेत, वाचले जावेत. फवारणीची व मच्छरदाणी वाटपाची वेळ त्याच सभेत ठरावी. आणि अधिक रुग्ण शोधणाऱ्या गावाला शिक्षा न होता अधिक साधने मिळावीत, ही आपली मागणी असली पाहिजे. तिच्याबरोबर दुसरी मागणी जोडलेलीच आहे. आशेला कर्मचाऱ्याचा दर्जा आणि निश्चित वेतन मिळाले पाहिजे. जिचे पंधरा-पंधरा रुपये महिनोन्महिने अडकतात, तिच्याकडून निर्भय नोंदीची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

तिसरी गोष्ट सरकारपेक्षा आपल्याशी संबंधित आहे. ज्या तालुक्यात रुग्ण जवळजवळ संपले आहेत, तेथील यंत्रणा टिकविण्यासाठी आपण आंदोलन करावयास शिकले पाहिजे. साथ आली म्हणजे मोर्चा निघतो. साथ नाही म्हणून पाळत चालू ठेवा असे सांगणारा मोर्चा मी अद्याप पाहिलेला नाही. तो काढणे अवघड आहे, कारण त्यात दाखविण्यासारखा एकही रुग्ण नसतो. तरीही १९६१ ते १९७६ हा पंधरा वर्षांचा हिशेब ज्याला ठाऊक आहे, त्याने तो काढला पाहिजे.

त्या कार्यकर्तीच्या प्रश्नाला मी तेव्हा उत्तर दिले नाही. आता निवृत्तीनंतर देतो आहे. बाई, गाव खराब झाले नव्हते, आमची मोजपट्टी खराब होती. तुमच्या गावाला शेवटच्या पायरीवर बसविणारा तो अहवाल मी लिहिला होता. यापुढे असा अहवाल कोणी लिहू लागला तर त्याला थांबविण्याइतके ज्ञान आणि धैर्य आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याजवळ असावे, एवढ्यासाठी मी आज आपला वेळ घेतला.